अक्काला मिशिगनमध्ये पहिलं मत द्यायचंय, तिघंही एकाच पक्षाचे. निवडायचं कसं?

उद्यमबाग_लेथ (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतल्या निवडणुकीचा आहे, पण उत्तर आपल्या भागातल्या माणसांकडेच मिळेल असं वाटतं, म्हणून इथं विचारतोय.

उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही त्याला फेसिंग, बोअरिंग करून पुढं देतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मिशिगनला गेली. दाजी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहेत, ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. गेल्या वर्षी तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं. म्हणजे पन्नाशीला आलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा मत देणार. इथं होती तेव्हा तिचं नाव यादीत आलं, पण मतदानाआधीच लग्न होऊन गेली.

रविवारी रात्री तिचा फोन असतो. तिकडं सकाळ. नेहमी "काय करूलालास? जेवलास काय?" असं सुरू होतं. या वेळी सुरुवातच वेगळी होती. "तू समितीच्या कामात फिरलेला आहेस. एकाच घरातले तिघं उभे राहिले तर तुम्ही कुणाला द्यायचं ते कसं ठरवत होता, सांग की." (समिती म्हणजे आमची महाराष्ट्र एकीकरण समिती, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी.)

तिच्या राज्यातून सिनेटची, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाची, एक जागा रिकामी होतेय. गॅरी पीटर्स म्हणून आहेत ते पुन्हा उभे राहत नाहीत. अंतिम लढत नोव्हेंबरात, पण त्याआधी ४ ऑगस्ट २०२६ ला पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच मत देऊन ठरवतात. डेमोक्रॅटिक पक्षातून तिघांची नावं पुढं आहेत.

हेली स्टीव्हन्स या २०१९ पासून खासदार आहेत. २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा मोटार उद्योग सावरायला ओबामांनी जे पथक नेमलं, त्याच्या त्या चीफ ऑफ स्टाफ होत्या. दाजी यांच्याच बाजूचे. कारण त्या वर्षी दाजींची नोकरी गेली होती. आमच्या आबांनी इथून पैसे पाठवायचं काढलं होतं, म्हणजे बघा. चार महिन्यांनी पुन्हा काम मिळालं ते दाजी अजून विसरलेले नाहीत.

मॅलरी मॅकमॉरो राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे मिशिगनच्या स्वतःच्या विधिमंडळात आहेत. २०१८ मध्ये विरोधी पक्षाच्या बसलेल्या सदस्याला हरवून आल्या. २०२२ मध्ये एका सहकारी सदस्येनं त्यांच्यावर घाणेरडा आरोप केला, त्यावर सभागृहात उभं राहून त्यांनी जे उत्तर दिलं ते देशभर बघितलं गेलं. माझी भाची कॉलेजात आहे, ती यांच्यासाठी घरोघरी फिरते.

आणि अब्दुल एल-सय्यद. डॉक्टर माणूस, डेट्रॉइट शहराचा आरोग्य विभाग सांभाळलेला. सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा हवा हा त्यांचा मुख्य मुद्दा. अक्का लॅबमध्ये रोज अशी माणसं बघते, की जी विम्यात बसत नाही म्हणून तपासणी पुढं ढकलतात आणि वर्षानं आजार वाढवून येतात. तिचं मन या डॉक्टरांकडं आहे.

आता अडचण. दाजी आणि त्यांचे मित्र म्हणतात, मन बाजूला ठेव, नोव्हेंबरात कोण निवडून येईल ते बघ. समोर रिपब्लिकन पक्षाचे माइक रॉजर्स असतील असं सगळे धरून चाललेत. २०२४ मध्ये ते याच राज्यात सिनेटसाठी एलिसा स्लॉटकिन यांच्याकडून हरले, तेही सुमारे १९ हजार मतांनीच. पन्नास लाखांवर मतं पडली होती. तेव्हा चुकीचा उमेदवार दिला तर जागा गेली, असं त्यांचं म्हणणं. भाची म्हणते, भिऊन मत देणार असशील तर नागरिक कशाला झालीस?

मला फोनवर उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला माझंच एक मत आठवलं. एका निवडणुकीच्या वेळी समितीचा उमेदवार निवडायची आमच्या भागातली बैठक देवळात होती. इच्छुक तिघं. प्रत्येकानं दहा-पंधरा मिनिटं भाषण केलं. माझं मन एका तरुण पोराकडं होतं. सगळ्या मोर्चांत पुढं, अंगावर केसेस, घरची परिस्थिती बेताची. मग हात वर करायची वेळ आली. माझ्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून, ज्यांच्याकडून मला निम्मं काम मिळतं ते बसले होते. त्यांचा हात दुसऱ्यासाठी वर गेला. माझाही गेला. तो पोरगा समोरच बसला होता, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. याला बरीच वर्षं झाली, पण अजून तो बाजारात भेटला की मला आधी ते देऊळ आठवतं.

अशा माणसानं बहिणीला काय सांगायचं? तुम्ही सांगा. मनातल्याला द्यावं, की निवडून येणाऱ्याला?

---

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

दादा, तुमचा प्रश्न वाचून २०१८ डोळ्यापुढं आलं.

खानापूरला त्या वेळी समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार होते. दोघांची मतं मिळवली तर ४४ हजारांवर जातात. निवडून आलेल्या उमेदवाराला साडेछत्तीस हजारांच्या आसपास होती. हे आकडे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला एकही नाही. २०२३ लाही नाही.

पण आकड्यांपेक्षा घरात काय झालं ते सांगतो. मी आणि माझा चुलतभाऊ, एका अंगणातली दोन घरं. तो एका गटाकडं, मी दुसऱ्याकडं. दोघांच्याही गळ्यात भगवं उपरणं, दोघांच्याही तोंडी "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे". एकच घोषणा देत दोन गाड्या एकाच गावात शिरायच्या. म्हाताऱ्या माणसांनी विचारायचं, "बाळा, खरा आमचा कोण?" याला काय उत्तर देणार? निकालाच्या दिवशी भाऊ गोठ्यात जाऊन बसला होता. मी गेलो. काही बोललो नाही, दोघांनी मिळून वैरण घातली.

तेव्हा माझं मत सांगतो. तुमच्या अक्काच्या तिकडं भांडण ऑगस्टात मिटतं. कोण खरा हे लोक ठरवतात आणि नोव्हेंबरात गाडी एकच असते. आमचं भांडण मिटायची जागाच नव्हती, ते थेट शेवटच्या मतपेटीत गेलं. तिला सांगा, ऑगस्टात मनातल्यालाच दे. त्यासाठीच तो दिवस ठेवलाय. पण तो हरला तर नोव्हेंबरात रुसून घरी बसायचं नाही. एवढं तिनं आत्ताच मनाशी ठरवावं.

---

नोव्हाय_ते_नानावाडी

मी नऊ वर्षं मिशिगनमध्येच नोव्हायला होतो, आता परत बेळगावात. तिकडचं थोडं व्यवहाराचं सांगतो, कारण नव्या मतदाराची चूक इथंच होते.

मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहून द्यावा लागत नाही. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे वेगवेगळे रकाने असतात. मतदारानं एकच रकाना धरायचा. इकडं एक खूण आणि तिकडं एक खूण केली, तर पक्षाच्या उमेदवारांचा तो सगळा भाग बाद होतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी हे केलं होतं. त्यांना वाटलं, चांगला माणूस कुठल्याही पक्षात असो, आपण त्याला द्यावं. भावना चांगली, मत वाया.

दुसरं, कारण न देता घरी मतपत्रिका मागवता येते. मतदानाच्या ४० दिवस आधीपासून ती मिळते. शिवाय केंद्रावर जाऊन लवकर मतदान करायचं तर किमान नऊ दिवस मिळतात. अक्कांची दवाखान्यात शिफ्ट असेल, तर घरी मागवलेली बरी.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. टेक्ससमध्ये पक्षाच्या निवडणुकीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. मिशिगनमध्ये तसं नाही. ज्याला सगळ्यांत जास्त तो उमेदवार, मग ती शंभरातली पस्तीस का असेनात. याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. श्री ठाणेदार. चिकोडीत जन्म, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून खासदारकीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत एकूण नऊजण होते. ठाणेदार शंभरात सुमारे अठ्ठावीस मतं घेऊन पहिले आले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, म्हणजे खरी निवडणूक तीच झाली. बेळगावला त्या दिवशी पेढे वाटले गेले, मला फोन आले. पण त्यातला हिशेब असा, की शंभरातल्या बहात्तर लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं आणि ती मतं आठजणांत फुटली.

म्हणून मलप्रभाकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मत फुटायचं भय ऑगस्टातही असतंच. फक्त ते घरातल्या घरात असतं. अक्कांनी जुलैपर्यंत थांबावं. तिघांपैकी एक फारच मागं पडलेला दिसला आणि तोच मनातला असला, तर दोघांतला बरा कोण हे बघावं.

---

कॅम्प_परिसर

ठाणेदारसाहेब कुणाला पाठिंबा देतात ते बघायचं आणि त्यालाच द्यायचं. आपला माणूस तिथं बसलाय, एवढा विचार कशाला?

---

निवृत्त_गुरुजी_निपाणी

चिरंजीव उद्यमबाग, तुमचं पत्र दोनदा वाचलं. देवळातला प्रसंग तुम्ही लिहिलात याबद्दल तुमचं कौतुक वाटलं. माझ्या उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

मी तीस वर्षं हायस्कूलला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. सिनेट म्हणजे काय हे मुलांना सांगताना राज्यसभेचं उदाहरण द्यायचो. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, एकूण शंभर, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांची निवडणूक. आपल्या राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात. अमेरिकेतही आधी राज्यांची विधिमंडळंच सिनेटर निवडत. १९१३ साली सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि ती निवड थेट लोकांच्या हातात आली. पक्षानं उमेदवार कुणाला करायचं हेही तिथं बंद खोलीतल्या पुढाऱ्यांकडून हळूहळू मतदारांकडं आलं. मुख्य गोष्ट अशी, की मतदाराकडं आलं ते गुप्त मतपत्रिकेसह आलं. आपल्याकडं इच्छुकांचे अर्ज मागवतात, निवड कमिटी बसते, लोकांचं मत घेतात, पण तुमच्या देवळात ते हात वर करून घेतलं. शेजारी कोण बसलंय यावर हात वर जातो की नाही ते ठरलं. तुम्ही भित्रे नव्हता. पोट ज्याच्यावर आहे त्याच्या डोळ्यांदेखत कुणालाही तसंच झालं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट. तुमच्या भगिनीनं कुणाला मत दिलं हे यजमानांना, लेकीला किंवा तिथल्या मराठी मंडळींना सांगायची गरज नाही. आपल्या बायकांना हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट, मन की विजय. आमच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात विधान परिषदेचं मतदान पसंतीक्रमानं होतं. आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेनानं नावापुढं १, २, ३ असे आकडे घालायचे. मी पहिली पसंती नेहमी मनातल्याला द्यायचो आणि दुसरी ज्याची निवडून यायची शक्यता त्याला. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडं सरकतं, वाया जात नाही. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यात असा पसंतीक्रम आहे. मिशिगनमध्ये एकच खूण. एकाच खुणेत पहिली आणि दुसरी पसंती दोन्ही बसवायच्या, म्हणून ही ओढाताण होते. ती तुमच्या भगिनीच्या मनाची कमजोरी नाही, मतपत्रिकाच तशी आहे.

शेवटचं. एलेक्शन ड्यूटीवर असताना मी १९९६ चं बेळगाव बघितलंय. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीनं शेकडो अर्ज भरले आणि लोकसभेच्या एका जागेला ४५६ उमेदवार झाले. मतदार घडी उलगडत नाव शोधत उभे. एक आजी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, माझं माणूस ह्यात कुठं हाय?" मला बोट दाखवायचा अधिकार नव्हता. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार झाली. तो निषेध होता आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या आजींचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. उमेदवार कितीही असोत, आपलं माणूस कुठलं हे शोधायला मतदाराला वेळ आणि एकांत मिळाला पाहिजे.

तिघांनाही एकच प्रश्न विचारा म्हणावं. तुम्ही हरलात तर जिंकलेल्यासाठी दारोदार फिराल काय? जो आढेवेढे घेईल त्याचा विचार पुन्हा करावा.

---

उद्यमबाग_लेथ

गुरुजी, नमस्कार करतो. सगळ्यांचे आभार.

कॅम्प परिसर, तुमच्याबद्दल राग नाही, पण हे मला पटत नाही. ठाणेदारांचा मलाही अभिमान आहे. आमच्या शॉपमध्ये त्यांच्या बातमीचं कात्रण होतं. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी ते याच पक्षाच्या निवडणुकीत उतरले आणि तिसरे आले. दुसरे कोण होते ठाऊक आहे? हेच डॉक्टर एल-सय्यद. ग्रेचेन व्हिटमर निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकल्या. त्या वेळी अक्काला मत नव्हतं, पण तिथली मराठी माणसं ठाणेदारांच्या बाजूनं होती आणि अक्काला त्या डॉक्टरांचं बोलणं पटत होतं. तिनं ते कुठं बोलून दाखवलं नाही. आपला माणूस सोडून तिसऱ्याला कसं म्हणायचं, ही तिला लाज वाटायची. आठ वर्षं मनात ठेवलेलं तिनं परवा मला पहिल्यांदा सांगितलं. आपलेपणाचा असा धाक आपण आपल्याच बायकांवर घालू नये.

आता काय झालं ते सांगतो. मी हा सगळा धागा अक्काला पाठवला. तिनं तो स्वयंपाकघरात दाजींना वाचून दाखवला. मलप्रभाकाठ यांचा गोठ्यातला प्रसंग वाचताना दाजी मधेच उठून गेले म्हणे. त्यांच्या घरी वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं नाही, ते तिला ठाऊक आहे. परत आल्यावर म्हणाले, "तू कुणाला देतेस ते मी विचारणार नाही. तू पण मला विचारू नकोस." अक्का म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा या माणसानं माझ्यासाठी एक दार लावून दिलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

नोव्हायवाले दादा, तुमचं दोन रकान्यांचं तिला ठाऊक नव्हतं. ती खरंच दोन्हीकडं खुणा करणार होती. स्थानिक पातळीवर तिच्या ओळखीचा एक दुसऱ्या पक्षाचा माणूस आहे, चांगला आहे, त्यालाही द्यावं असं तिच्या मनात होतं. वाचलं मत. मतपत्रिका घरी मागवायचा अर्जही तिनं भरला. जूनच्या अखेरीला येईल. जुलैपर्यंत थांबायचं तुमचं म्हणणंही तिला पटलंय. आल्या आल्या भरणार नाही, टपालाला लागतील तेवढे दिवस हातात ठेवून भरेन म्हणाली.

मन की निवडून येणारा, यावर तिनं काय ठरवलं ते मी विचारलं नाही. गुरुजींनी सांगितलंय ना. पण बोलता बोलता एक म्हणाली. सगळे तिला सांगतात, लोक अमक्याला मत देणार नाहीत, लोक तमक्या बाईला देणार नाहीत. "अरे, ते लोक म्हणजे मीच की. मी दिलं तर लोकांनी दिलं." मी मशीन बंद केली होती, त्या शांततेत ते नीट ऐकू आलं.

मला हे आमच्याकडंही लागू वाटतं. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. मतदानाच्या आदल्या दिवशीपर्यंत मी शॉपमध्ये ऐकत होतो, लोक त्याला देणार नाहीत. जागा आली नाही हे खरं. पण एवढी माणसं आत जाऊन एकटी उभी राहिली, शेजारी कोण बसलंय ते बघायचा प्रश्न नव्हता, आणि त्यांनी आपलं बटण दाबलं.

पुढच्या वेळी आमच्या भागात निवडीची बैठक झाली, तर मी उठून एवढंच मागणार आहे. हात वर नको, चिठ्ठ्या करा. एक डबा ठेवा, कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, पडद्याआड लिहू द्या. बायकांनाही बोलवा, त्यांच्याही चिठ्ठ्या घ्या. आणि इच्छुकांनी आधी देवापुढं सांगावं, हरलो तर अपक्ष अर्ज भरणार नाही. डबा मी करून देतो, पत्रा घरचाच आहे.

त्या पोराला काल फोन केला. आता त्याचं स्वतःचं छोटं हार्डवेअरचं दुकान आहे. देवळातलं बोललो, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, त्या दिवशी तुमच्याशेजारी कोण बसलं होतं ते मी पण बघितलं होतं." संध्याकाळी चहाला येतो म्हणाला.

गुरुजींचा प्रश्न अक्कानं तिघांच्याही प्रचार कार्यालयांना ई-मेल केलाय, इंग्रजीत करून, खाली स्वतःचं नाव आणि "पहिल्यांदा मत देणारी" असं लिहून. कुणाचं काय उत्तर येतं ते इथंच टाकतो. आता थांबतो, फौंड्रीची गाडी आलीय.